वांगांवर लेझर टोनिंग: ऐन उन्हाळ्यात लिहिलेला अनुभव

दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन्ही गालांवर उमटलेले वांग क्रीमने हटेनात, म्हणून गेल्या पावसाळ्यात मी पुण्यातील एका क्लिनिकमध्ये क्यू-स्विच्ड एनडी-याग लेझरचे, म्हणजे अतिशय क्षणिक झोतांनी त्वचेतील रंगद्रव्य फोडणाऱ्या लेझरचे, पॅकेज आगाऊ पैसे भरून घेतले. हा लेझर कमी शक्तीने, अनेक सिटिंग्जमध्ये चेहऱ्यावर फिरवण्याला टोनिंग म्हणतात.

उपचार सुसह्य असतो. डोळे झाकतात, टिकटिक आवाज येत राहतो, गाल गरम होतात आणि बारीक लव जळल्याचा वास येतो. सुरुवातीच्या सिटिंग्जनंतर चेहरा खरोखर उजळला, आणि दिवाळीत हा अनुभव लिहिला असता तर मी मनापासून शिफारस केली असती. मात्र फेब्रुवारीनंतर ऊन तापू लागले तसे वांग परतले, डाव्या गालावर तर पूर्वीपेक्षा गडद, आणि त्यांच्यामध्ये तांदळाच्या कणीएवढे पांढरे ठिपकेही दिसू लागले. क्लिनिकचे म्हणणे एकच होते: "मॅडम, अजून काही सिटिंग्ज घ्या."

दुसऱ्या त्वचारोगतज्ज्ञांनी लेझर ताबडतोब थांबवायला सांगितले. लेझर तयार झालेले रंगद्रव्य फोडतो, परंतु वांगांमध्ये ते तयार करणाऱ्या पेशीच ऊन आणि संप्रेरकांमुळे चेतलेल्या असतात, आणि आपल्यासारख्या सावळ्या त्वचेत लेझरची उष्णता त्यांना पुन्हा चेतवू शकते. पांढरे ठिपके हा वारंवार केलेल्या टोनिंगचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. पैसे घेण्यापूर्वी हे मला कोणीही सांगितले नव्हते.

माझा खरा राग मात्र सनस्क्रीनवरून आहे. क्लिनिकने एसपीएफ ५० ची पारदर्शक ट्यूब हातात दिली आणि विषय संपवला. एसपीएफ, म्हणजे सनस्क्रीनच्या संरक्षणाचा आकडा, मुख्यतः त्वचा भाजणाऱ्या यूव्हीबी किरणांपुरता असतो. वांग त्वचेत अधिक खोल जाणाऱ्या यूव्हीए किरणांनी आणि डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही गडद होतात, आणि हे दोन्ही खिडकीच्या काचेतून आत येतात. कचेरीत माझ्या डावीकडे मोठी खिडकी आहे आणि डावा गालच अधिक काळवंडला आहे. दृश्य प्रकाश अडवायला लोह ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाचे सनस्क्रीन लागते, तेही चेहरा व मानेसाठी दोन बोटांवर भरेल इतके, दर दोन-तीन तासांनी. अशाने पन्नास ग्रॅमची ट्यूब महिनाभरही पुरत नाही. हा कायमचा खर्च लेझरच्या दरपत्रकात पहिल्या ओळीत लिहिलेला असायला हवा, कारण तो झेपत नसेल तर पुढचे सगळे पैसे वाया जातात.

यंत्राला मी सरसकट नावे ठेवणार नाही. माझ्या भाचीच्या डोळ्याखालचा जन्मजात निळसर डाग, म्हणजे नेव्हस ऑफ ओटा, याच प्रकारच्या लेझरने पुष्कळ फिकट झाला. त्या डागाचे रंगद्रव्य त्वचेच्या खोल थरात असते आणि तिथे लेझर हाच प्रमुख उपचार आहे. वांगांची गोष्ट वेगळी आहे.

सध्या मला रंगद्रव्य कमी करणारे हायड्रोक्विनोन असलेले क्रीम मोजक्या आठवड्यांसाठी दिले आहे, आणि रक्ताच्या गुठळ्यांचा घरात कोणाला त्रास होता का, हे नीट विचारून ट्रॅनेक्सॅमिक अॅसिडच्या (एरवी रक्तस्राव थांबवायला देतात त्या, पण वांगांवरही वापरल्या जाणाऱ्या) गोळ्याही सुरू केल्या आहेत. डाग हळूहळू फिकट होत आहेत. उरलेल्या सिटिंग्जच्या पैशांऐवजी क्लिनिक फेशियल देऊ करत आहे. मी ते नाकारून परताव्याची लेखी मागणी केली आहे आणि तिची पोच घेतली आहे.