एकच संध्याकाळ: खडकवासला की बंडगार्डन?

पाहुण्यांना पुण्यातलं पाणी दाखवायचं तर कुठं न्यावं, हा पेच ठरलेला. पोहोचायला नदीकाठचं बंडगार्डन सोपं. मेट्रो आहे, पुणे स्टेशनहून रिक्षाही परवडते. खडकवासल्याला स्वारगेटहून बस मिळते, पण रविवारी सिंहगडावरून परतणाऱ्या गाड्यांत अडकलात तर संध्याकाळ रस्त्यावरच गेली म्हणून समजा.

पाणी मात्र खरं तिकडंच. पावसाळ्यात भरलेलं धरण, अंगावर येणारा वारा आणि निखाऱ्यावरून काढून लिंबू-तिखट चोळलेलं कणीस. बंडगार्डनला उन्हाळ्यात नदीत जलपर्णी आणि वास. बघण्यासारखा तो १८६७चा फिट्झगेराल्ड पूल.

गुडघेदुखीवाले आजी-आजोबा, रात्रीची परतीची गाडी असेल तर बंडगार्डन. लवकर निघालात तर आगाखान पॅलेसही होईल. पोरं, मधला वार, स्वतःची गाडी असेल तर खडकवासला. पोरांना पाण्यात मात्र उतरू देऊ नका.