रेडिऑन आरएक्स ६६००: कमी खर्चातला भरवशाचा पर्याय

जुन्या गेमिंग संगणकाला कमी खर्चात नवी ताकद द्यायची असेल, तर २०२१ मध्ये बाजारात आलेले एएमडीचे रेडिऑन आरएक्स ६६०० हे ग्राफिक्स कार्ड माझ्या मते आजही विचारात घेण्याजोगे आहे. ८ जीबी मेमरीच्या बळावर १९२० बाय १०८० रिझोल्यूशनवर बहुतेक गेम ते चांगले पेलते. वीजवापर सुमारे १३२ वॉट आणि बहुतेक मॉडेलना ८ पिनची एकच जोडणी लागत असल्याने पॉवर सप्लाय बदलण्याचा खर्च अनेकदा वाचतो, आणि ही बचत मुळीच किरकोळ नाही.

एएमडीचेच आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड त्याहून स्वस्त असले, तरी ते मी सुचवणार नाही. त्याच्या मूळ आवृत्तीत मेमरी ४ जीबी आणि पीसीआय एक्सप्रेसच्या (कार्ड व मदरबोर्ड यांना जोडणाऱ्या मार्गाच्या) लेन केवळ ४ आहेत. मदरबोर्डचा स्लॉट जुन्या, ३.० आवृत्तीचा असेल, तर कार्डची मेमरी भरताच टेक्श्चर, म्हणजे गेममधल्या पृष्ठभागांची चित्रे, त्या अरुंद वाटेने संगणकाच्या रॅममधून आणावे लागतात आणि ऐन लढाईत चित्र अडखळते. ६६०० मध्ये लेन ८ असल्याने हा त्रास बराच कमी होतो.

रे ट्रेसिंगसाठी, म्हणजे प्रकाश आणि सावल्या हुबेहूब दाखवण्याच्या तंत्रासाठी, मात्र हे कार्ड घेऊ नये. प्रोसेसर फारच जुना असेल, तर आधी तो बदलावा.