पन्नास खाटांच्या किल्ल्या कोणाकडे द्यायच्या: डॉक्टर, मॅनेजर की मेट्रन?

गंगापूर रोडपासून मुंबई नाक्यापर्यंत नाशकात हॉस्पिटलच्या पाट्या मोजत गेलात, तर बऱ्याच पाट्यांमागे एकच कथा सापडेल. डॉक्टरांनी दहा खाटांवर सुरुवात केली, आता पन्नास झाल्या. डॉक्टर साठीला आले. मुलगा-सून शिकून आले, पण त्यांना पेशंट हवेत, 'ॲडमिनची कटकट' नको. मग प्रश्न येतो, खुर्चीत कोणाला बसवायचं? नावं दोनच निघतात: भागीदारांपैकी एखादा डॉक्टर किंवा हॉस्पिटल मॅनेजमेंट शिकलेला पगारी मॅनेजर. तिसरं नाव मेट्रनचं, म्हणजे सगळ्या सिस्टरच्या प्रमुखाचं. ते आपणहून कोणी घेत नाही, म्हणून मी घेतो.

डॉक्टरांच्या बाजूने सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे कन्सल्टंट फक्त त्यांचंच ऐकतात. 'महागडं अँटिबायोटिक उगाच लिहू नका' हे मॅनेजरने कळवलं तर कागद टेबलावरच राहतो. तेच सीनियर सर्जन चहा पिताना बोलले की दुसऱ्या दिवशी प्रिस्क्रिप्शन बदलतं. अमांडा गुडॉल यांनी २०११ मध्ये अमेरिकेतल्या नामांकित रुग्णालयांची क्रमवारी तपासली, तेव्हा प्रमुखपदी डॉक्टर असलेल्यांचे गुणवत्तेचे गुण सुमारे २५ टक्क्यांनी जास्त निघाले. अर्थात डॉक्टर आले म्हणून रुग्णालय चांगलं झालं, की चांगल्या रुग्णालयांनी डॉक्टर निवडले, हे त्यातून ठरत नाही. शिवाय तिथला डॉक्टर प्रमुखपदाचं काम पूर्ण वेळ करतो. आपल्याकडे तो दोन ओपीडींच्या मधल्या वेळात प्रमुख असतो आणि चेकवर सह्या ऑपरेशन थिएटरच्या दारात होतात.

मॅनेजरला नावं ठेवणं सोपं आहे, पण त्याच्याशिवाय आता भागत नाही. एनएबीएचची (हॉस्पिटलच्या गुणवत्तेच्या मान्यतेची) कागदपत्रं, महात्मा फुले योजनेचे क्लेम, फायर ऑडिट, बायोमेडिकल वेस्ट, २०२१ च्या नियमांनुसार दर्शनी भागात लावायचं दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद, ही डॉक्टरने रात्री दहानंतर करायची कामं नाहीत. २१ एप्रिल २०२१ नाशिक विसरलेलं नाही. महापालिकेच्या रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि वीसहून जास्त रुग्ण दगावले. टाकी कोण तपासतो, व्हॉल्व्हजवळ रात्री कोण असतं, पर्यायी सिलेंडर किती मिनिटांत जोडले जातात, हे प्रश्न एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात नसतात. इथे मॅनेजर डॉक्टरपेक्षा उजवा. (सातपूर-अंबडच्या कारखान्यात मेंटेनन्स सांभाळलेला माणूस मिळाला तर मी त्याला कोऱ्या डिग्रीवाल्याच्या आधी घेईन. सिएटलच्या व्हर्जिनिया मेसन रुग्णालयाने २००२ पासून टोयोटाच्या कारखान्यातली कामाची पद्धत आणली, आणि ती राबवणारा प्रमुख डॉक्टर होता.) मॅनेजरचं दुखणं वेगळं. त्याला महिनाअखेरचा आकडा विचारला जातो, म्हणून तो आकडाच सांभाळतो. आणि माझ्या पाहण्यात दीड-दोन वर्षांत तो पुण्याची वाट धरतो.

आता मेट्रन. एक डिस्चार्ज सांगतो, कुठला ते सोडून द्या. सुरगाण्याकडचे एक आजोबा, हर्नियाचं ऑपरेशन झालेलं. सकाळी साडेनऊच्या राऊंडला सर म्हणाले, 'आज घरी.' बिल हातात पडलं सव्वाचारला. मधल्या पावणेसात तासांत फाइल आरएमओच्या, म्हणजे निवासी डॉक्टरच्या, टेबलावर दोन तास पडून होती, उरलेली औषधं फार्मसीत परत न्यायला मामा (वॉर्डबॉय) नव्हता, आणि डिस्चार्ज कार्डावर टाके काढायची तारीख लिहायची राहिली म्हणून ते परत आलं. आजी पिशवी मांडीवर घेऊन एसटीच्या काळजीत बसलेल्या, आणि कॅज्युअल्टीत एक पेशंट त्याच खाटेची वाट बघत. त्या दिवशी डॉक्टर आणि मॅनेजर दोघेही हॉस्पिटलमध्येच होते. हा सगळा गुंता इन्चार्ज सिस्टरला पाठ होता. फक्त फाइल पुढे ढकलायचा अधिकार तिला नव्हता.

पुढच्या दहा वर्षांसाठी माणूस निवडताना मला हाच मुद्दा भारी वाटतो. मोतीबिंदू, केमो, डायलिसिस, बरंचसं काम दिवसाच्या दिवसात उरकतं आणि पेशंट रात्री घरी असतो. उपचाराचा निम्मा भाग पेठ-सुरगाण्याच्या घरात होणार: ड्रेसिंग, इन्सुलिन, तिसऱ्या दिवशीचा फोन. तो फोन सिस्टरच करणार. ऑपरेशनआधी तपासायच्या यादीचा जागतिक आरोग्य संघटनेचा प्रयोग आठवा. दिल्लीसह आठ शहरांत तो झाला, आणि २००९ च्या निष्कर्षांत मृत्यूचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ वर आलेलं दिसलं. पण यादी भिंतीवर लावून भागत नाही. 'सर, थांबा, बाजू तपासायची राहिली' असं म्हणणाऱ्या सिस्टरच्या पाठीशी कोणीतरी उभं राहावं लागतं. मेट्रनची कमजोरीही खरी आहे: बँक, विमा कंपन्या आणि भागीदारांची भांडणं यांत तिला कोणी कधी बसवलेलंच नसतं.

तीसच्या आत खाटा असतील तर डॉक्टरच ठेवा आणि मॅनेजरऐवजी पक्का अकाउंटंट घ्या. शंभराच्या वर पूर्ण वेळ मॅनेजर लागतोच, फक्त उपचारांच्या बाबतीत अखेरचा शब्द मेडिकल डायरेक्टरचा असावा. तुमच्या पन्नाससाठी माझं मत असं: प्रमुख डॉक्टर, मॅनेजर त्याच्या हाताखाली, आणि मेट्रन भागीदारांच्या बैठकीत, स्वतःच्या बजेटसह, सिस्टर नेमायच्या अधिकारासह. नेमणूकपत्र देण्याआधी तिन्ही उमेदवारांना रात्री आठला वॉर्डात बोलवा, सिस्टर ओव्हर देतात, म्हणजे पुढच्या पाळीला पेशंट सोपवतात तेव्हा. कोण ऐकतो आणि कोण मोबाइल बघतो, ते दहा मिनिटांत कळतं.

आणि डॉक्टर प्रमुख होणार असतील तर आठवड्याचे तीन दिवस ओपीडी बंद, हे भागीदारीच्या करारात लिहून घ्या. तोंडी ठरवलंत तर दिवाळीपर्यंत त्या तीन दिवसांच्याही अपॉइंटमेंट फुल झालेल्या असतात.