जादूगार-वाढदिवसाची पेटी: पावसाळा ते मे, काय टिकलं आणि काय टाकून दिलं

जादूगार थीमचं सामान एकदाच जमवायचं आणि इमारतीत ज्यांच्याकडे वाढदिवस असेल त्यांनी पेटी न्यायची, अशी ही व्यवस्था आहे. मुलं 6 ते 10 वयाची, एका वेळी साधारण 12. जागा कधी फ्लॅटचा हॉल, कधी क्लबहाऊस. सामान निम्मं ऑनलाइन मागवलेल्या तयार किटमधलं, निम्मं घरी केलेलं. पेटी पावसाळ्यात सुरू झाली आणि आता मे संपत आलाय, त्यामुळे प्रत्येक वस्तूबद्दल ठाम मत देता येईल इतका वापर झालेला आहे.

निवाडा आधीच सांगून टाकतो. पैसे आणि वेळ काढ्याच्या टेबलावर (म्हणजे मुलं स्वतः रंग बदलणारे, फसफसणारे जादूचे ‘काढे’ करतात त्या टेबलावर) आणि झग्यांवर घाला, छतावर घालू नका. सजावटीकडे मुलं पाच मिनिटं बघतात. हातात बाटली आणि चमचा दिला की पाऊण तास हलत नाहीत.

झग्यांपासून सुरुवात करू. तयार किटमधले झगे पातळ साटनचे असतात आणि कडा दुमडलेल्या नसतात, नुसत्या कापलेल्या. तीन-चार धुण्यांत धागे सुटून खालच्या बाजूला झालर लोंबायला लागते. मेणबत्तीवर कड शेकून घ्यायचा उपाय बरेच जण सांगतात, पण साटनची शेकलेली कड टणक होते आणि गळ्याला टोचते. त्यापेक्षा क्रेप आणून शिवा. 44 इंची पन्ह्याच्या 2 मीटर कापडात एक अर्धगोल झगा बसतो: कापडाच्या लांब काठाच्या मधोमध केंद्र धरून 4 इंच त्रिज्येचा गळा आणि 38 इंच त्रिज्येचा घेर आखायचा. खाली दुमड धरून तयार लांबी 33 इंचांच्या आसपास येते. 120 ते 130 सेंटिमीटर उंचीच्या मुलाला हा झगा घोट्याच्या चार बोटं वर राहतो, आणि तसाच राहायला हवा. जमिनीला टेकणारा झगा फोटोत रुबाबदार दिसतो, पण जिन्यावर पहिलं मूल त्यातच अडकून पडतं.

अर्धगोल झगा गिरकी घेताना सुरेख उडतो, पण कापड फार खातो. उत्सवमूर्तीसाठी तो एक करा. बाकीच्यांना सरळ तुकड्याचा, गळ्याला चुण्या घातलेला झगा पुरे. त्याला 90 सेंटिमीटर कापड लागतं, म्हणजे 12 झग्यांना 11 मीटर. गळ्याला नाडी अजिबात नको. पळापळीत कुणी मागून झगा ओढला तर नाडी गळ्याला आवळते. एक इंची वेल्क्रोचा 5 सेंटिमीटर तुकडा लावा, ओढला की सुटतो. धुवायला टाकताना मात्र वेल्क्रो चिकटवूनच टाका, नाहीतर त्याचे आकडे शेजारच्या झग्याचे धागे ओढतात. आकड्यांत कचरा भरून पकड गेली तर जुन्या टूथब्रशने साफ होते.

आता औक्षण. झगा क्रेपचा असो की साटनचा, शेवटी पॉलिस्टरच. ते पेट घेतं तेव्हा वितळून कातडीला चिकटतं. निरांजनाचं तबक समोर, मूल पुढे वाकलेलं आणि झग्याची कड मोकळी, हे गणित चुकीचं आहे. म्हणून क्रम ठरवून टाका: आधी सदरा किंवा परकर-पोलक्यात औक्षण, मग झगा. आज्यांनाही हाच क्रम आवडतो, वाद होत नाही. केक कापताना झगे काढून खुर्च्यांवर ठेवायचे. फेसाचे आणि रंगीत दोऱ्यांचे स्प्रे त्या खोलीतच नकोत, कारण त्यांतला वायू मेणबत्तीवर भडकतो.

टोप्या कार्डशीटच्या, एकदा वापरून फेकायच्या. साठवून उपयोग नाही, टोक मोडतंच.

कांड्या दोन प्रकारच्या करून पाहण्यासारख्या आहेत. पहिला प्रकार चॉपस्टिकवर हॉट ग्लूने वेल काढून रंगवायचा. दिसायला सर्वांत देखणा. पण मे महिन्यात माळ्यावर ठेवलेल्या पेटीत ग्लू मऊ पडतो, कांड्या एकमेकींना चिकटतात आणि सोडवताना रंगाची सालं निघतात. शिवाय टोक डोळ्याशी जातं. कबाबच्या बांबूच्या काड्या तर नकोच, कुसळं लागतात. दुसरा प्रकार कागदाचा: जाड ए-फोर कागद एका कोपऱ्यापासून तिरका, घट्ट गुंडाळायचा, शेवटच्या बोटभर पट्ट्याला फेविकॉल लावायचं, रात्रभर वाळू द्यायचं, दोन्ही टोकं कापून आत कापूस आणि फेविकॉल भरायचं. 30 सेंटिमीटरच्या आसपास कांडी होते, वजन नगण्य, लागली तरी इजा नाही. रंगावर वॉर्निशचा एक हात हवाच. तो नसेल तर जुलैच्या हवेत कांडी ओल्या शेवग्यासारखी वाकते. सध्या पेटीत कागदाच्याच आहेत. न रंगवलेल्या कांड्या मुलांना आल्याआल्या रंगवायला देता येतात, घरी न्यायची भेटही तीच, त्यामुळे वेगळं रिटर्न गिफ्ट लागत नाही.

तरंगत्या, म्हणजे छताला टांगायच्या सेलवरच्या मेणबत्त्यांवर आमच्यात मतभेद आहेत, पण हिशेब त्यांच्या बाजूचा नाही. पहिली अडचण पंखा. हॉलच्या छतावरून नायलॉनच्या दोऱ्याने वीस मेणबत्त्या सोडल्या की पंखा लावता येत नाही, आणि मे महिन्यात बारा मुलं आणि बंद पंखा हे जमणारं नाही. दुसरी अडचण चिकटपट्टी. डिस्टेंपरवर ती पावसाळ्यात तासाभरात सुटते, कोरड्या दिवसांत सुटत नाही आणि काढताना रंगाचा पापुद्रा घेऊन येते. तिसरी अडचण उजेड. मुलांची पार्टी पाच ते साडेसातची. पुण्यात मे महिन्यात सूर्य मावळतो सातच्या सुमारास, म्हणजे जाड पडदे नसतील तर मेणबत्त्या दिसतच नाहीत. रिमोटवाल्या असतील तर खिडकीतून थेट ऊन येताना रिमोटही धड चालत नाही. डिसेंबरात, एसीच्या खोलीत, सहानंतर, दोन पडद्यांच्या दांड्यांमध्ये बांधलेल्या दोरीला भिंतीलगत टांगल्या तर मात्र खरंच छान दिसतात. एवढ्या अटी पूर्ण होणार असतील तरच त्या पेटीतून बाहेर काढा.

नाण्यासारखे चपटे सेल असलेले छोटे दिवे घेणार असाल तर सेलच्या झाकणाला स्क्रू आहे का बघा. नुसतं खाचेत बसणारं झाकण असेल तर परत पाठवा. लहान भावंडाने असा सेल गिळला तर दोन तासांतही अन्ननलिकेला भाजल्यासारखी जखम होते, अशा वेळी वाट न बघता थेट इस्पितळ गाठायचं. आम्ही हे दिवे पेटीतून काढून टाकले आणि बारीक पेन्सिल सेलवर चालणारे ठेवले.

जुनाट दिसणाऱ्या कागदाचं निमंत्रण: पाव लिटर पाण्यात चार चमचे चहा पावडर उकळून, गाळून, कागद त्यात पाच मिनिटं बुडवायचा, सावलीत वाळवून इस्त्री करायची. मजकूर आधी झेरॉक्सच्या मशीनवर छापून घ्या. घरच्या इंकजेटची शाई पाण्यात पसरते, लेझरची पसरत नाही. चहाच्या उरलेल्या चोथ्यात कागद बुडवू नका. आपल्याकडे साखर चहाबरोबरच उकळते, तो चोथा गोड असतो, आणि निमंत्रण पोचायच्या आत त्याला मुंग्या लागतात. चित्र घुबडाचं काढलं तर काही घरांतल्या आज्या नाक मुरडतात, एवढी तयारी ठेवा. कावळा काढलात तर विचारूच नका.

आता काढ्याचं टेबल. लागतं काय: सुकी किंवा ताजी गोकर्णाची निळी फुलं, लिंबूसत्त्व, खाण्याचा सोडा, भांडी घासायचं लिक्विड. 12 मुलांना प्रत्येकी दोन काढे धरले तर गोकर्णाचं पाणी अडीच लिटर, लिंबूसत्त्व 100 ग्रॅम आणि सोडा 200 ग्रॅम. थोडं उरतं, उरू दे. फुलांचे हिरवे देठ काढून लिटरभर उकळत्या पाण्यात 15 ते 20 फुलं टाकून झाकायचं, वीस मिनिटांनी गाळायचं. निळा रंग येतो. सकाळी करून फ्रिजमध्ये ठेवलं तर संध्याकाळी उत्तम. बाहेर राहिलं तर दुसऱ्या दिवशी वास येतो.

प्रत्येक मुलापुढे एक परात किंवा ताट, त्यात रुंद तोंडाची 250 मिलिलिटरची पारदर्शक बरणी. बरणीत 100 मिलिलिटर निळं पाणी आणि लिक्विडचे दोन थेंब. अर्धा चमचा लिंबूसत्त्व घालून ढवळलं की जांभळा, मग गुलाबी. त्यावर सपाट चमचाभर सोडा टाकला की फेस उसळतो आणि फेसाखाली रंग पुन्हा निळ्यावर, कधी हिरवट झाकेवर येतो. एकाच बरणीत दोनदा रंगबदल आणि एकदा उफाळा, याला तोड नाही. तयार किटमध्ये रंगाच्या पुड्या आणि चमकी येते. ती फक्त रंगीत पाणी करते, मुलं दोन मिनिटांत उठतात.

इथे चुकतं कुठे तेही सांगायला हवं. सोड्याऐवजी बेकिंग पावडर आणली जाते. तिच्यात आम्ल आणि स्टार्च आधीच असतं, साध्या पाण्यातही फसफसते आणि पाणी गढूळ होतं. धुण्याचा सोडा तर मुळीच नको, हात आणि डोळे चुरचुरतात. लिंबूसत्त्वाऐवजी व्हिनेगर घेतलं तर ते फार लागतं: एक चमचा, म्हणजे 5 ग्रॅम सोडा पूर्ण विरघळून फसफसायला 4 टक्क्यांचं जवळजवळ 90 मिलिलिटर व्हिनेगर, आणि 12 मुलांच्या खोलीत तो वास बसतो. लिंबूसत्त्वात हेच काम वजनाने 4 भाग सोड्याला 3 भागांत होतं. आम्ही सोडा मुद्दाम त्याहून जास्त घालतो, म्हणून रंग निळ्यावर परततो. ऐनवेळी काहीच नसेल तर इनोची पुडी साध्या पाण्यातही चालते, रंगाची गंमत तेवढी कमी. अरुंद तोंडाची बाटली वापरलीत तर फेस टेबलापलीकडे जातो. आणि झाकण कुणी लावू नये, हे सांगायला एक मोठं माणूस टेबलाशी उभं हवंच.

प्यायचं सरबत वेगळ्या टेबलावर, वेगळ्या भांड्यांत. तेही गोकर्णाचंच, लिंबू पिळून जांभळं होणारं, त्यामुळे मुलं दोन्ही टेबलं एकच समजतात. सोपा तोडगा म्हणजे काढ्याच्या बरण्या, प्यायचे स्टीलचे पेले.

गुप्त संदेशाला हळद लागते. पांढऱ्या कागदावर साबणाच्या दाट पाण्याने कापसाच्या काडीने लिहायचं, वाळवायचं, इस्त्री फिरवायची. पार्टीत हळदीचं पाणी ब्रशने फिरवलं की अक्षरं विटकरी लाल उमटतात. हळद आणि चुन्याचं कुंकू होतं तोच हा प्रकार. हळद स्पिरिटमध्ये कालवली तर रंग जास्त खुलतो, पण ते काम मोठ्यांनी, ज्योतीपासून लांब करायचं. हा खेळ फोटो झाल्यानंतर ठेवा. झग्यावर हळद सांडली तर साबण लागताच डाग लाल होतो आणि लोक घाबरतात. धुऊन कडक उन्हात वाळत घाला, एक-दोन उन्हांत फिका पडतो. आणि फोटोचा विषय निघालाच आहे तर हळद, कुंकू आणि कापलेली लिंबं एकाच थाळीत मांडू नका. जादूगार राहतो बाजूला, उतारा टाकल्यासारखं दिसतं.

धुरासाठी ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, टाळाच. उणे 78 अंशांचा तुकडा बोटाला चिकटला की कातडी जाते, बंद खोलीत त्याचा वायू जमिनीलगत, म्हणजे मुलांच्या उंचीला साचतो, आणि झाकण लावलेली बाटली फुटते. पाण्यात बुडवायचा 24 व्होल्टचा मिस्ट मेकर, म्हणजे थरथरणाऱ्या चकतीने पाण्याचं धुकं उडवणारं छोटं यंत्र, घ्या. चकतीवर दोन-तीन सेंटिमीटर पाणी, भांडं खोल, कारण थेंब उडतात. ॲडॉप्टर टेबलाखाली, मुलांच्या हातापासून दूर. बोअरचं पाणी वापरलं की चकतीवर पांढरे क्षार बसतात आणि दोन-तीन वापरांत धूर निम्मा होतो. अर्धा तास व्हिनेगरमध्ये ठेवलं, मऊ ब्रशने पुसलं की बरंचसं सुटतं. घासू नका. आरओचं पाणी वापरलं तर ही पाळीच येत नाही.

स्लाइमची किटं पेटीतून काढली. त्यात टाकणखार असतो, आणि हात तोंडात जाणारं एखादं मूल असतंच. त्याजागी दोन वाट्या कॉर्नफ्लोअरला एक वाटी पाणी: दाबलं की घट्ट, सोडलं की वाहतं. उरलेलं सिंकमध्ये ओतू नका, जाळीखाली बसून दगड होतो. वाळू द्या आणि केराच्या डब्यात टाका.

वेळ अडीच तास पुरे. पहिली तीस मिनिटं कांडी रंगवणं, कारण अर्धी मुलं उशिराच येतात आणि कुणाला वाट बघावी लागत नाही. मग काढे, मग हात धुऊन केक, मग खाणं, शेवटी हळदीचा संदेश. खाण्यात थीम शोधत बसू नका, वडापाव आणि इडल्या संपतात, हिरव्या रंगाचे कपकेक उरतात.

पेटी परत भरताना सेल काढून, सोडा आणि लिंबूसत्त्व वेगवेगळ्या घट्ट बरण्यांत. दोन्ही एकत्र मिसळून ठेवलेली पूड जुलैची दमट हवा लागताच आतल्या आत फसफसते आणि पुढच्या घरी नुसता दगड पोचतो. मिस्ट मेकरची चकती गेलीच तर नवं यंत्र घेऊ नका, ती सुटी मिळते. मागवण्याआधी जुनीचा व्यास मोजा, 16 आणि 20 मिलिमीटर अशा दोन्ही येतात आणि एक दुसरीच्या खाचेत बसत नाही.