टीएलडी बॅज सेवा : कॅथलॅबमधील चार वर्षांचा अनुभव

सोलापुरातील रेल्वे लाइन्स भागातल्या एका खासगी रुग्णालयाच्या कॅथलॅबमध्ये (क्ष-किरणांच्या मदतीने हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी व उपचार करतात त्या विभागात) मी तंत्रज्ञ आहे आणि गेली चार वर्षे आमच्याकडे एका मान्यताप्राप्त प्रयोगशाळेची टीएलडी बॅज सेवा आहे. टीएलडी बॅज म्हणजे कर्मचाऱ्याच्या अंगावर किती किरणोत्सार पडला हे मोजणारा बिल्ला. दर तिमाहीला नवी कार्डे कुरिअरने येतात व वापरलेली परत जातात. कार्डावर डिस्प्रोशियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात. त्या तापवल्या की किरणांमुळे साठलेली ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर पडते आणि त्या प्रकाशावरून डोस, म्हणजे शरीराला मिळालेली किरणोत्साराची मात्रा, काढतात.

मोजणीबद्दल माझा विश्वास बसला तो एका प्रसंगामुळे. एका सहकाऱ्याने बॅज छातीवर, लेड ॲप्रनच्या आत लावण्याऐवजी ॲप्रनसकट यंत्राजवळच्या खुंटीला टांगून ठेवला होता. आकडा नेहमीपेक्षा बराच जास्त आला, तेव्हा प्रयोगशाळेने स्वतः फोन करून बारकाईने चौकशी केली. वर्षाला ३० आणि सलग पाच वर्षांत मिळून १०० मिलीसिव्हर्ट (डोस मोजण्याचे एकक) ही मर्यादा असताना अशी दखल घेतली जाणे मला फार मोलाचे वाटते.

अहवाल मात्र उशिरा येतात. गेल्या उन्हाळ्यातील तिमाहीचा अहवाल आमच्या हाती पडेपर्यंत पुढची तिमाही संपत आली होती, आणि त्या काळात आमची एक परिचारिका गरोदर होती. तिला तो आकडा वेळेवर मिळायलाच हवा होता. कंट्रोल बॅज (तुलनेसाठी दिलेला, कोणीही न वापरायचा बॅज) किरणोत्सारापासून दूर ठेवायचा असतो, ही सूचनाही पाकिटावर मराठीत छापलेली नसते. आम्ही तो आता हिशेबनिसांच्या कपाटात ठेवतो.