फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं: थेरपीचे अकरा महिने

थेरपी सुरू करून मला आता अकरा महिने झाले. एकूण ३१ सेशन्स. आधी दर आठवड्याला, मग पंधरा दिवसांनी, आणि गेले दोन महिने महिन्यातून एकदा. सुरू करण्याआधी मी बरंच शोधलं होतं, पण त्या खोलीत बसल्यावर नेमकं काय चालतं आणि आपल्याला काय करावं लागतं, हे कुणी नीट सांगितलेलं सापडलं नाही. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

माझं काय झालं होतं ते आधी सांगते. बाबा आठ महिने आजारी होते आणि ते गेल्याचा फोन रात्री दोन वाजता आला. त्यानंतर तीन महिन्यांत आम्ही घर बदललं. त्याच सुमारास कामावर माझ्याकडे एका मोठ्या टीमची जबाबदारी आली. ती मला हवी होती, मी मागून घेतली होती. आणि मग फोन वाजला की छातीत धस्स व्हायला लागलं. कुणाचाही फोन असो, आधी धडधड, मग हाताला घाम, मग स्क्रीनवरचं नाव. आईला मी दिवसातून सात-आठ वेळा फोन करायचे. ती म्हणायची, "अगं, आत्ता तासाभरापूर्वीच तर बोललीस." तिचा आवाज ऐकला की दहा मिनिटं बरं वाटायचं. अकराव्या मिनिटाला पुन्हा पोटात गोळा.

सर्वात आधी मी डॉक्टरांकडे गेले आणि हे मी सगळ्यांना सांगते. थायरॉइड जास्त काम करत असेल तरी धडधड, हात थरथरणं, झोप न लागणं हे सगळं होतं. माझ्या तपासण्या ठीक आल्या, तेव्हा डॉक्टरांनीच थेरपीचं सुचवलं.

पहिल्या ठिकाणी मी सहा सेशन्स घेतली. माणूस अतिशय प्रेमळ. पण तासभर बहुतेक वेळ तेच बोलायचे. आईची काळजी करू नका, सकारात्मक विचार करा, रोज फिरायला जा. बाहेर पडताना हलकं वाटायचं आणि रात्री परत तेच. पाचव्या सेशनला मी धीर करून विचारलं की उपयोग होतोय हे आपल्याला कसं कळणार? उत्तर मिळालं, "विश्वास ठेवा, वेळ लागतो." वेळ लागतो हे खरंच आहे. पण मी तिथे काय करायला जाते आहे हे मला सहा आठवड्यांनंतरही सांगता आलं नसतं. मी थांबले आणि दोन महिने असं वाटत राहिलं की माझ्यातच काहीतरी कमी आहे, लोकांना उपयोग होतो आणि मला होत नाही. ते दोन महिने फार वाईट गेले. ज्यांना पहिल्या प्रयत्नात जमलं नाही त्यांनी स्वतःला दोष देऊन घरी बसू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

दुसऱ्यांदा शोधताना मी भेट ठरवण्याआधी फोनवर पंधरा मिनिटं मागून घ्यायचे. फी आणि वेळ विचारून झाली की तीन प्रश्न. तुम्ही कुठल्या पद्धतीनं काम करता? फरक पडतोय हे कसं बघता? आणि नाही पडला तर काय करता? चौघांशी बोलले. ज्यांच्याकडे आज जाते त्या मॅडमनी तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं दिलं: "दर चार आठवड्यांनी आपण दोघी मिळून बघू. हलत नसेल तर पद्धत बदलू. तरी नाही जमलं तर दुसरं कुणीतरी शोधायला मी तुम्हाला मदत करेन." मी तिथेच वेळ ठरवली.

पहिल्या सेशनला त्यांनी गोपनीयतेचं स्पष्ट सांगितलं. इथलं इथेच राहतं, पण माझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं दिसलं तर त्यांना गप्प बसता येणार नाही. मग चिंता किती आहे ते मोजणारी एक छोटी प्रश्नावली दिली, जीएडी-७. ही २००६ सालापासून जगभर वापरात आहे. गेल्या दोन आठवड्यांबद्दल सात प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, म्हणजे जास्तीत जास्त २१. पाचपासून सौम्य चिंता, दहापासून मध्यम, पंधरापासून तीव्र. यावरून निदान होत नाही, अंदाज येतो, हेही त्यांनी सांगितलं. माझे १६ आले. कागदावर तो आकडा बघून मला रडू आलं, आणि त्याच वेळी कुणीतरी माझं म्हणणं ऐकलं असंही वाटलं.

नवी जबाबदारी आपणच मागून घेतली आणि आता तिचाच त्रास होतोय, याची मला लाज वाटत होती. त्यावर त्यांनी थॉमस होम्स आणि रिचर्ड राही या दोघांनी १९६७ साली केलेली यादी दाखवली. आयुष्यातल्या ४३ घटना, आणि प्रत्येक घटनेनंतर जुळवून घ्यायला माणसाला किती कष्ट पडतात त्याचे गुण. जोडीदाराचा मृत्यू १००, जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू ६३. पण त्याच यादीत लग्नाला ५० आहेत, कामावरच्या जबाबदारीतल्या बदलाला २९, घर बदलण्याला २०. म्हणजे आनंदाच्या गोष्टीचाही भार पडतो. माझ्यावर तिन्ही एकदम आले होते. इतकं साधं होतं, आणि वर्षभरात मला ते सुचलं नव्हतं.

त्यांची मुख्य पद्धत सीबीटी, म्हणजे आपले विचार आणि वागणं यांवर काम करणारी थेरपी. एरन बेक यांनी ती १९६०च्या दशकात उभी केली. विचार खरा की खोटा हे थेरपिस्टनं सांगायचं नाही, दोघांनी मिळून तो पडताळून बघायचा, असा तिचा गाभा आहे. माझ्या बाबतीत हे एका वहीवर झालं. एका बाजूला लिहायचं: मी आईला दोन तास फोन केला नाही तर काय होईल असं मला वाटतंय. दुसऱ्या बाजूला: प्रत्यक्षात काय झालं. पहिल्या दिवशी मी लिहिलं, "ती पडली असेल आणि कुणाला कळणार नाही." दोन तासांनी आईनं फोन उचलला आणि म्हणाली, "झोपले होते गं, उठवलंस." मी ते शब्द तसेच्या तसे वहीत उतरवले. ते पान अजून मऊ आहे, इतक्या वेळा उघडलं.

सारखा फोन करण्यानंच भीती टिकून राहते हे मला तेव्हा समजलं. दर वेळी फोन करून सुटका मिळाली की मन शिकतं, "फोन केला म्हणून वाचलो." फोन न करताही आई ठीकच असते, हे शिकायची संधीच त्याला मिळत नाही.

सातव्या सेशनला मॅडमनी सुचवलं की आता पूर्ण दिवस फोन करायचा नाही. मी मान डोलावली. घरी जाऊन काहीच केलं नाही, आणि पुढच्या वेळी सांगितलं की कामाच्या गडबडीत राहून गेलं. त्यांनी थोडा वेळ जाऊ दिला आणि विचारलं, "मी उडी फार मोठी सांगितली का?" मी हो म्हटलं. आयुष्यात मी डॉक्टर, शिक्षक, साहेब अशा कुणालाच "तुमचं चुकलं" असं कधी म्हटलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. आता पायऱ्या तुम्ही ठरवा." मग मी बसून प्रत्येक गोष्टीला भीतीचे ० ते १०० असे गुण दिले. दोन तास फोन नाही, ४०. अर्धा दिवस, ६०. रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवून झोपणं, ८५. चाळीसपासून सुरुवात केली, आणि माझ्यासाठी थेरपी खरी तिथून सुरू झाली. एडवर्ड बॉर्डिन या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये थेरपीतल्या नात्याचे तीन भाग सांगितले होते: कुठे जायचं यावर एकमत, काय करायचं यावर एकमत, आणि आपुलकी. पहिल्या ठिकाणी मला आपुलकी भरपूर मिळाली होती. बाकीच्या दोन गोष्टींबद्दल आम्ही बोललोच नव्हतो.

त्रासाचंही सांगते. सेशन ५० मिनिटांचं, पण नंतर दोन तास मी कामाची राहत नाही. सुरुवातीला त्याच दिवशी मीटिंग ठेवायचे, ते बंद केलं. गृहपाठ असतो आणि तो कंटाळवाणा असतो. ऑनलाइन सेशन्स मला कमी मानवली, आवाज अडकला की रडणंही अडकायचं. काहींना मात्र घरातूनच सोपं जातं. आणि त्या प्रश्नावलीतला आकडा सरळ उतरत नाही. आठ आठवड्यांनी माझे ११ झाले होते, पाचव्या महिन्यात आईला ताप आला आणि पुन्हा १४. तेव्हा घरच्यांनी विचारलं, "एवढे दिवस जातेस, मग हे काय?" त्या आठवड्यात सोडून द्यावंसं वाटलं होतं. मला औषध लागलं नाही, पण त्या वेळी मॅडमनी स्वतःहून मानसोपचारतज्ज्ञांना भेटायचा पर्याय समोर ठेवला, आणि लागलं असतं तर मी नक्की घेतलं असतं. थेरपी आणि औषध सोबत चालतात. जगणंच नको असे विचार येत असतील तर मात्र पुढच्या सेशनची वाट बघू नका, त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगा आणि डॉक्टरांकडे जा.

गेल्या महिन्यात माझे ५ होते. आईला दिवसातून एकदा फोन करते, संध्याकाळी, आणि आता आम्ही खरंच गप्पा मारतो. रात्री फोन वाजला की अजूनही धस्स होतं, पण हात थरथरत नाही.

प्रत्येक सेशनच्या सुरुवातीला आज कशावर बोलायचं ते आम्ही दोघी ठरवतो. तिसऱ्या महिन्यात मॅडमनी विचारलं होतं, "आपण फोनबद्दल बोलतोय, बाबांबद्दल बोलायचं का?" मी नको म्हटलं. त्यांनी आग्रह केला नाही, फक्त वहीच्या शेवटच्या पानावर माझ्याकडून "नंतर" असं लिहून घेतलं. नवीन घरात कपाटाच्या खालच्या खणात बाबांचा चष्मा आहे, अजून त्या जुन्या रुमालात गुंडाळलेला. येत्या मंगळवारच्या सेशनसाठी मी तो पर्समध्ये ठेवला आहे.