आधी सुकाणू ठरवा, मग बॅटरी: लांबच्या सफरीसाठी बोट सज्ज करताना

कारखान्यात साच्यातून निघालेली, काही वर्षं वापरलेली, ३८ ते ४२ फुटांची शिडाची बोट घेतली आहे किंवा घ्यायची आहे. दोघांनी तिच्यावर राहायचं, महासागर ओलांडायचा आणि काही वर्षं परतायची घाई करायची नाही, असा बेत आहे. हे लेखन त्यांच्यासाठी.

अशा बोटींना 'साध्या' म्हणून नाक मुरडणारे भेटतात. त्यांचं फार मनावर घेऊ नका. युरोपीय नियमांतला सीई 'ए' वर्ग मिळालेली बोट वाऱ्याच्या बोफर्ट मापावर ८ च्या वरचा वारा आणि ४ मीटरहून उंच लाटा गृहीत धरून आखलेली असते. पण तो वर्ग हल, म्हणजे बोटीचं धड, आणि स्थैर्याबद्दल बोलतो. बोटीवरची वीज, पाणी, सामानाची जागा मात्र शनिवार-रविवारच्या हिशेबानं दिलेली असते: दोन दिवस फिरायचं, धक्क्याला यायचं, तिथल्या विजेची वायर लावायची. खर्च करायचा तो या दोन प्रकारच्या वापरातलं अंतर भरून काढायला.

बहुतेक जण सुरुवात बॅटरी आणि सोलरपासून करतात. माझ्या मते तो क्रम उलटा आहे. समुद्रात चोवीस तास सुकाणू कोण धरणार हे आधी ठरवावं. सुकाणू विजेवर चालवलं, तर लांब पल्ल्यात विजेचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक बहुधा तेच असतं. त्यावर बॅटरी ठरते, बॅटरीवर चार्जिंग आणि त्यावर पाणी.

जिथे पर्याय नाही

कील (तळाखालचं वजनदार पातं), रडर (बोट वळवणारं पाण्यातलं पातं), सीकॉक (हलमधल्या पाण्याच्या भोकांवरच्या झडपा) आणि डोलकाठीच्या तारा यांत तुलना करण्यासारखं काही नाही. ही कामं करायचीच, आणि बाकी सगळ्याच्या आधी. मे २०१४ मध्ये 'चीकी रफीकी' ही ४० फुटी बोट उत्तर अटलांटिकमध्ये कील निखळून उलटली आणि चारही जण गेले. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास शाखेनं आधी तळ आपटल्याचे प्रसंग आणि त्यानंतरच्या दुरुस्त्या यांमुळे जोड कमकुवत झाला असण्याची शक्यता नोंदवली. म्हणून वापरलेली बोट घेताना 'ही कधी तळाला लागली होती का?' हा प्रश्न तोंडी विचारून थांबू नका. फळ्या उचला, कीलच्या बोल्टांभोवती आणि आतल्या सांगाड्याच्या चिकटवलेल्या कडांवर टॉर्च मारा. केसाएवढी भेग दिसली तरी जाणकाराला बोलवा.

सीकॉक साध्या पितळेचे असतील तर बदला. जुन्या आंतरराष्ट्रीय (आयएसओ) मानकात 'गंजरोधक' म्हणायला पाच वर्षांची सेवा पुरेशी धरली होती. पितळेतलं जस्त समुद्राच्या पाण्यात झिरपून जातं आणि तांब्याचा ठिसूळ सांगाडा उरतो. खरवडल्यावर आतला धातू पिवळ्याऐवजी गुलाबीसर दिसला तर त्यावर भरवसा ठेवू नये. त्याजागी ब्राँझ, जस्त सहज न सोडणारं डीझेडआर पितळ किंवा कॉम्पोझिट (तंतू घातलेलं प्लास्टिक) बसवा. माझी पसंती कॉम्पोझिटला, कारण तिथे गंजाचा प्रश्नच मिटतो. तारा दहा वर्षांच्या झाल्या असतील तर बहुतेक विमा कंपन्याच बदलायला सांगतात, आणि ते रास्त आहे.

आणखी एक: आणीबाणीचं टिलर (चाक निकामी झालं तर रडर हातानं फिरवायचा दांडा) काढून, शिडं उभारून, खऱ्या लाटांत अर्धा तास चालवून बघा. अनेक बोटींत ते मागच्या केबिनमधल्या पलंगाची गादी उचलून लावावं लागतं. तिथून ना वारा दिसतो ना शीड, हे आधीच कळलेलं बरं.

विजेचा पायलट की विंडवेन

विजेच्या ऑटोपायलटचे तीन भाग असतात: दिशा ओळखणारा कंपास व जायरो, हिशेब करणारा संगणक आणि रडर ढकलणारा ड्राइव्ह. जुन्या बोटीवर बरेचदा सुकाणूच्या चाकावर बसवलेला पट्ट्याचा छोटा पायलट मिळतो. किनाऱ्यालगत तो ठीक, महासागरासाठी नाही. मागून तिरक्या लाटा येऊ लागल्या की त्याची ताकद संपते. त्यामुळे खरी तुलना डेकखालच्या, रडरच्या दांड्याला थेट जोडलेल्या ड्राइव्हशी करावी. त्याला दांड्यावर स्वतंत्र हात दिला की आणखी एक फायदा मिळतो: चाकाची केबल तुटली तरी पायलट बोट वळवू शकतो.

४० फुटी बोटीवर असा पायलट सरासरी ३ ते ६ अँपिअर घेतो, म्हणजे दिवसाला ७० ते १४५ अँपिअर-तास. फ्रीज, उपकरणं, एआयएस (आसपासची जहाजं दाखवणारं यंत्र), दिवे आणि फोन-लॅपटॉप मिळून साधारण ८० ते १०० होतात. सगळे आकडे इथे १२ व्होल्टचे. लाटा वाढल्या की पायलटचा आकडा चढतो. रात्री मागच्या केबिनमध्ये पडलं की तो ड्राइव्ह दर दोन सेकंदांनी घुरघुरताना ऐकू येतो, आणि बॅटरी मॉनिटरवर आकडा त्याच तालात वरखाली होतो.

विंडवेन वीज घेतच नाही. वाऱ्याकडे धरलेलं पातळ पान बोट वळली की एका बाजूला कलतं. त्या कलण्यानं पाण्यातलं पातं किंचित फिरतं, आणि धावत्या पाण्याचा जोर त्या पात्याला बाजूला ढकलतो. पात्याला बांधलेल्या दोऱ्या चाक ओढतात. हा सर्व्हो-पेंड्युलम प्रकार. बघताना नवल वाटतं: पान जेमतेम झुकतं, दोरी दोन बोटं सरकते आणि सात-आठ टनांची बोट मुकाट्यानं मार्गावर येते. वेग वाढला की ताकद वाढते, म्हणजे हातांना सुकाणू सगळ्यात जड जातं तेव्हाच वेन सगळ्यात जोरकस असते. १९६० च्या पहिल्या एकट्यानं अटलांटिक ओलांडण्याच्या शर्यतीत ब्लाँडी हॅसलर आणि फ्रान्सिस चिचेस्टर दोघंही वेन लावून गेले होते. पानानं वाऱ्याची दिशा धरायची, हे मूळ तत्त्व तेव्हापासून बदललेलं नाही.

दुसरा प्रकार स्वतःचं वेगळं रडर असलेला, हायड्रोवेनसारखा. त्यात मुख्य चाक एका जागी बांधून ठेवायचं आणि वेन आपल्या छोट्या रडरनं बोट सांभाळते. मुख्य रडर गेलं तर हेच रडर हाताशी राहतं, ही मोठी जमेची बाजू. मात्र बंदरात उलटं चालवताना ते आडवं येतं.

नव्या साच्याच्या बोटींवर वेन बसवणं हाच अवघड भाग. मागची बाजू रुंद, उघडणारा पोहण्याचा प्लॅटफॉर्म आणि सुकाणूची दोन चाकं. सर्व्हो-पेंड्युलमला दोऱ्या कमी वळणांनी चाकापर्यंत न्याव्या लागतात, कारण घर्षण वाढलं की वेन आंधळी होते. सुकाणू हायड्रॉलिक असेल तर तो प्रकार सोडूनच द्या. वेगळ्या रडरचा प्रकार मध्यरेषेपासून थोडा बाजूला बसवता येतो, त्यामुळे प्लॅटफॉर्म असलेल्या बोटींना बहुधा तोच जमतो.

वेनच्या मर्यादाही खऱ्या आहेत. मागून मंद वारा असेल तर पानाला पुरेसा वाराच लागत नाही. इंजिनवर ती निरुपयोगी असते, पण पानाच्या जागी छोटा टिलर-पायलट जोडता येतो आणि तो नाममात्र वीज घेतो. वारा फिरला की बोटही फिरते, म्हणून मार्गावर लक्ष हवं. शिडांचा तोल बिघडलेला तिला चालत नाही, रीफ लवकर घ्यावा लागतो, म्हणजे शीड आधीच लहान करावं लागतं. हे शिकायला वेळ लागतो, पण त्या शिकण्यानं माणूस बोट चांगली ओळखू लागतो.

बिघाडाचं बघा. वेनमध्ये बुश, बोल्ट, दोरी आणि पान असतं. पान प्लायवूडचं कापून करता येतं. पायलटमध्ये मोटरचे ब्रश, क्लच, संगणक आणि सेन्सर असतात. त्यातले पहिले दोन समुद्रात बदलता येतील, पुढचे दोन फक्त सुटा भाग सोबत असेल तरच. वीज कोसळली तर सगळं एकदमच जाऊ शकतं.

माझा कौल असा. दोघंच आहात, मोठे टप्पे आहेत आणि बोटीची मागची बाजू परवानगी देते, तर वेन घ्या आणि आहे तो पायलट इंजिनसाठी दुरुस्त ठेवा. बेटा-बेटांतून छोटे टप्पे आणि बराच वेळ इंजिन असेल, तर डेकखालचा चांगला पायलट आणि सोबत एक सुटा ड्राइव्ह. कॅटमरानला, म्हणजे दोन हलच्या बोटीला, वेनचा विचार नको. ती झटकन वेग घेते, त्यासरशी जाणवणाऱ्या वाऱ्याची दिशा बदलते आणि वेन गोंधळते.

एजीएम की लिथियम

आता हिशेब सोपा झाला. वेन असेल तर समुद्रात रोज ८० ते १०० अँपिअर-तास लागतील. पायलट असेल तर १५० ते २४५.

एजीएम, म्हणजे शिशाची बंद बॅटरी, निम्म्याखाली उतरवू नये हे सगळ्यांना माहीत असतं. वरच्या बाजूचं नुकसान मात्र विसरलं जातं. ८०-८५ टक्क्यांनंतर शिशाची बॅटरी करंट कमी-कमी घेते आणि शेवटचा भाग भरायला कित्येक तास लागतात. लांब पल्ल्यात तेवढं चार्जिंग क्वचितच मिळतं. म्हणजे हातात उरतात ते मधले ३५ टक्के: ४०० अँपिअर-तासांच्या संचातून १४०. शिवाय पूर्ण भरल्याशिवाय आठवडे गेले की सल्फेट साचून तीही क्षमता घटते.

लिथियम आयर्न फॉस्फेट ८०-९० टक्के वापरता येते, जवळजवळ शेवटपर्यंत वेगानं भरते आणि अर्धवट भरलेली राहिली तरी तिचं काही बिघडत नाही. १०० अँपिअर-तासांची एजीएम सुमारे ३० किलोची, लिथियम ११ ते १३ किलोची. कागदावर सामना एकतर्फी आहे.

पण 'जुनी काढा, नवी ठेवा' या जाहिरातीवर जाऊ नका. लिथियमचा अंतर्गत रोध फार कमी असतो, त्यामुळे ती इंजिनवरच्या अल्टरनेटरकडून तासन्‌तास पूर्ण करंट मागते आणि अल्टरनेटर तापून जळू शकतो. बीएमएसनं (बॅटरीचं रक्षण करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकानं) चालू चार्जिंग अचानक तोडलं तर व्होल्टेजची उसळी डायोड उडवते. उपाय दोन: अल्टरनेटर शिशाच्या स्टार्टर बॅटरीलाच जोडून पुढे डीसी-डीसी चार्जर लावणे, किंवा तापमान मोजणारा बाहेरचा रेग्युलेटर बसवणे. पहिला स्वस्त आणि निर्धोक. मी त्यानंच सुरुवात करेन. संचाला क्लास-टी फ्यूज हवाच, कारण शॉर्ट झाल्यावर निघणारा करंट साधा फ्यूज तोडू शकेलच असं नाही.

आणि बीएमएसनं रात्री संच बंद केला तर? दिवे, उपकरणं, पायलट, सगळं एका क्षणात जातं. सुकाणू विजेवर असेल तर हा प्रश्न जिवाशी येतो. म्हणून स्वतंत्र बीएमएस असलेले निदान दोन संच समांतर ठेवा आणि शिशाच्या बॅटरीवर पायलट व दिवे वळवणारा स्विच द्या. एवढं करायची तयारी नसेल, तर वेन आणि ४०० ची चांगली एजीएम ही जोडी आजही सन्मानानं महासागर ओलांडते. पायलटवरच जायचं असेल तर मात्र लिथियमच घ्या. तेवढी वीज एजीएममधून काढायची तर ६०० अँपिअर-तासांचा, १८० किलोचा संच बसवावा लागेल.

सोलर, पवनचक्की, पाण्यातली चक्की

पायाला सोलर, यात शंका नको. उष्ण कटिबंधात १०० वॉटच्या पॅनलमागे दिवसाला २५ ते ३० अँपिअर-तास धरा, बूमची सावली पडली तर कमी. पॅनलसाठी मागे कमान बांधाल तेव्हा वेनचं पान तिच्या आड येणार नाही ना, हे कमानीच्या आराखड्यातच बघा. पाण्यात सोडायचा हायड्रोजनरेटर ५ नॉटला १०० वॉटच्या आसपास देतो, म्हणजे चोवीस तासांत २०० अँपिअर-तास. विजेचा पायलट निवडणाऱ्यांनी त्याचा गंभीरपणे विचार करावा. पवनचक्की मागून वारा असताना सुस्त पडते आणि नांगरावर आवाज करते. मी ती घेणार नाही.

वॉटरमेकर की टाकी

प्यायला-स्वयंपाकाला माणशी ५ लिटर धरले तर दोघांना तीन आठवड्यांत २१० लिटर लागतं, आणि या आकाराच्या बोटीत ३०० ते ४०० लिटरची टाकी असते. म्हणजे महासागर ओलांडायला वॉटरमेकर, म्हणजे समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र, लागतच नाही. तो लागतो दूरच्या बेटांमागे महिनोन्‌महिने नांगरून राहायला.

घ्यायचाच तर ऊर्जा परत वापरणारा १२ व्होल्टचा प्रकार लिटरमागे ४ वॉट-तासांच्या आसपास घेतो, पण त्याचा पंप गुंतागुंतीचा असतो. जनरेटरवर चालणारा जास्त वीज खातो, तासाला भरपूर पाणी देतो आणि त्याचे भाग कुठेही मिळण्याजोगे असतात. जनरेटर नसेल तर पहिला. दोन्ही प्रकार वापरात ठेवावे लागतात, बंद ठेवायचे तर मीठ गाळणारा पडदा रसायनात जतन करावा लागतो. क्लोरीनचं पाणी पडद्याला मारतं, म्हणून धुण्याच्या पाण्याला कार्बन फिल्टर लावा.

नांगर आणि वजन

बोटीसोबत आलेला नांगर बहुधा लहान असतो. रोकना, स्पेड, मँटस यांसारखा नव्या आकाराचा, शिफारशीपेक्षा एक माप मोठा घ्या. साखळीचा निर्णय अधिक बारकाईचा. १०० मीटर १० मिमी साखळी सुमारे २२५ किलो, ८ मिमी सुमारे १४५. हे सगळं वजन नाळेत असतं आणि बोट लाटेत नाक खुपसते ती त्यामुळेच. उच्च दर्जाच्या पोलादाची ८ मिमी साखळी आणि वाचलेल्या वजनातून मोठा नांगर, हा सौदा मला पटतो. फक्त विंडलासचं (साखळी ओढणाऱ्या यंत्राचं) चाक ८ मिमीचं करून घ्यावं लागेल. या आकाराची बोट दर दोनशे ते तीनशे किलोला एक सेंटीमीटर खाली बसते, म्हणून प्रत्येक नवी वस्तू वजनासकट वहीत लिहा.

ऑर्डर देण्याआधी शंट (करंट मोजणारा भाग) असलेला बॅटरी मॉनिटर तेवढा बसवा. मग धक्क्याची वायर काढून तीन दिवस नांगरावर राहा आणि एक पूर्ण रात्र शिडांवर आहे त्या पायलटनं चालवा. दर चार तासांनी आकडा टिपा. पायलटच्या नावापुढे जो आकडा येईल, तो घेऊन या लेखातल्या सुकाणूच्या भागाकडे परत या आणि मगच बॅटरीचं माप ठरवा.